एकाच रेडिओ पट्ट्यात मोठा डेटा आणि तातडीचे संदेश: जागा राखायची की मधे घुसायचं?

प्रश्न असा आहे. एका कारखान्यासाठी खासगी ५जी नेटवर्क उभारायचं आहे आणि हाताशी १०० मेगाहर्ट्झचा एकच पट्टा आहे. त्यावरून कॅमेऱ्यांचे व्हिडिओ आणि मोठ्या फायली जाणार आहेत. त्याच पट्ट्यातून यंत्रांना थांबवण्या-चालवण्याचे काही बाइटांचे संदेशही जाणार आहेत, आणि ते एक-दोन मिलिसेकंदांत पोचलेच पाहिजेत. मग या संदेशांसाठी पट्ट्याचा काही भाग कायमचा राखून ठेवावा, की मोठा डेटा चालू असतानाच ते मधे घुसवावेत? आणि नेटवर्क स्लायसिंग (एकाच नेटवर्कचे सेवेनुसार आभासी हिस्से पाडणं) केलं की हा प्रश्न आपोआप सुटतो का?

कोणत्या क्षणी कोणत्या उपकरणाला किती रेडिओ जागा द्यायची हे बेस स्टेशनमधला शेड्युलर ठरवतो. मी त्याच शेड्युलरवर बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून आधी थेट उत्तर देते. संदेश कधी येणार हे आधी माहीत असेल तर जागा राखा. माहीत नसेल तर डाउनलिंकमध्ये, म्हणजे बेस स्टेशनकडून उपकरणाकडे जाताना, मधे घुसवा. अपलिंकमध्ये, म्हणजे उलट दिशेने, मात्र थोडी जागा राखावीच लागते, कारण तिथे कोण कधी बोलणार आहे हे बेस स्टेशनला कळत नाही. स्लायसिंगने प्रश्न सुटत नाही, फक्त त्याच्या मर्यादा आखल्या जातात. यामागची कारणं नीट समजून घेतली तरच खालचे आकडे तुमच्या जागेला लावता येतील, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या प्रकारच्या, म्हणजे मोठ्या डेटाच्या सेवेला ५जीच्या भाषेत ईएमबीबी म्हणतात, दुसरीला, म्हणजे तातडीच्या संदेशांच्या सेवेला, यूआरएलएलसी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये ठरवलेल्या किमान अपेक्षांमध्ये ईएमबीबीसाठी डाउनलिंकचा कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट आहे. यूआरएलएलसीसाठीची अपेक्षा वेगळ्याच जातीची आहे: ३२ बाइटांचं पॅकेट १ मिलिसेकंदाच्या आत ९९.९९९ टक्के वेळा पोचलं पाहिजे. म्हणजे लाखात एकच चूक चालेल. हे वाचून पहिली सेवा ‘वेगवान’ आणि दुसरी ‘विश्वासार्ह’ अशी विभागणी मनात बसते आणि पुढचे बरेच निर्णय तिथेच चुकतात. ५जीची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या सेवा-दर्जाच्या तक्त्यात साध्या वेब-वाहतुकीच्या वर्गाला पॅकेट हरवण्याची मुभा दहा लाखात एक एवढीच आहे, तर स्वयंचलित यंत्रांसाठीच्या ८२ क्रमांकाच्या वर्गाला दहा हजारात एक. कागदावर वेबचीच अट जास्त कडक दिसते. पण वेबला ३०० मिलिसेकंदांची मुदत आहे आणि यंत्राला १०. वेबचं पॅकेट पडलं तर पुन्हा पाठवायला भरपूर वेळ असतो. यंत्राचं पॅकेट उशिरा आलं तर ते हरवल्यातच जमा होतं.

म्हणजे ईएमबीबी सरासरीवर जगते. तिचे पाच-दहा मिलिसेकंद वाईट गेले तरी पुढच्या शंभरात भरून निघतात. यूआरएलएलसीला सरासरी हा प्रकारच उपलब्ध नाही. त्यामुळे वाटणीचा खरा प्रश्न ‘कुणाला किती मेगाहर्ट्झ’ असा नसून ‘अनिश्चिततेचा भार कुणी उचलायचा’ असा आहे. तो ज्याला पेलवतो त्याच्यावरच टाकला पाहिजे, आणि भार पडल्याचं त्याला लवकरात लवकर कळलं पाहिजे. यातला दुसरा भाग प्रत्यक्षात फार वेळा राहून जातो.

आधी तातडीच्या संदेशाला किती जागा लागते ते पाहू. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिलेली चॅनेलची मर्यादा, म्हणजे त्यावरून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाऊ शकते हे, खूप लांब संदेशांसाठी आहे. आखूड संदेशाला गोंगाटाची सरासरी काढायला पुरेशी लांबी मिळत नाही, म्हणून त्याला दंड भरावा लागतो. तो किती, याचं चांगलं अंदाजसूत्र पॉलियान्स्की, पूअर आणि वर्डू यांनी २०१० मध्ये मांडलं. ते वापरून मी एक हिशोब करते. सिग्नल आणि गोंगाट समसमान आहेत, चॅनेल स्थिर आहे आणि ३२ बाइट म्हणजे २५६ बिट पाठवायचे आहेत. पट्टा ज्या अरुंद फ्रीक्वेन्सींत विभागलेला असतो ते उपवाहक, आणि वेळेचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे सिम्बॉल; एका उपवाहकावरच्या एका सिम्बॉलएवढ्या जागेला रिसोर्स एलिमेंट म्हणतात. दहात एक चूक चालत असेल तर असे साधारण २८० एलिमेंट पुरतात. लाखात एकच चूक हवी असेल तर साधारण ३५० लागतात. म्हणजे दंड सुमारे पाव पटीचा आहे, आणि तो परवडतो.

खरी किंमत फेडिंगमुळे मोजावी लागते. लहरी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींना खोडतात आणि सिग्नल अचानक खोल खड्ड्यात जातो. एकच अँटेना असेल आणि रॅले पद्धतीचं (थेट वाट नसतानाचं) फेडिंग असेल, तर लाखात एक एवढाच धोका राहण्यासाठी सरासरी सिग्नल गरजेपेक्षा ५० डेसिबल वर ठेवावा लागतो. ५० डेसिबल म्हणजे एक लाख पट. एवढी ताकद कुणाकडेच नसते. त्याऐवजी एकमेकींपासून स्वतंत्र अशा चार अँटेनांवरचे सिग्नल नीट जोडून घेतले, तर दर अँटेनामागे सुमारे ९ डेसिबलची जादा राखण पुरते. हा फरक पाहिल्यावर मी कुणालाही पहिली विनंती हीच करते की पट्टा कसा वाटायचा यावर वाद घालण्याआधी अँटेना वाढवा. फ्रीक्वेन्सीत पसरून पाठवणं आणि दोन वेगळ्या बेस स्टेशनांवरून एकच संदेश पाठवणं हे उपायही त्याच जातीचे आहेत. अशी अनेक वाटांची विविधता नसेल तर पुढचं सगळं शेड्युलिंग व्यर्थ जातं.

आता राखीव जागेचा हिशोब. तातडीचे संदेश एकमेकांशी संबंध नसताना यदृच्छ येतात आणि प्रत्येक छोट्या कालखंडात सरासरी २ येतात असं धरा. त्याच कालखंडात सगळे पाठवून झाले पाहिजेत आणि जागा अपुरी पडण्याची शक्यता लाखात एकापेक्षा कमी हवी. पॉयसाँ वितरणाने मोजलं तर १० संदेशांची जागा राखावी लागते. म्हणजे राखलेल्या जागेचा पाचवा भाग वापरात येतो आणि उरलेली ८० टक्के रिकामी जाते. सरासरी २० संदेश असतील तर ४२ जागा लागतात आणि वापर निम्म्याच्या जवळ पोचतो. वाहतूक जितकी विरळ, तितकी राखीव जागेची नासाडी मोठी. कारखान्यातले तातडीचे संदेश विरळच असतात.

इथे एक इशारा देते, कारण हा हिशोब ज्या गृहीतकावर उभा आहे ते संकटात मोडतं. संदेश एकमेकांशी संबंध नसताना येतात हे रोजच्या कामात ठीक आहे. पण एखादी उत्पादन-रेषा अडकली की तिच्यावरची सगळी यंत्रं एकाच मिलिसेकंदात बोलू लागतात. पॉयसाँच्या हिशोबात जो प्रसंग अशक्यप्राय ठरतो, तो या यंत्रांच्या बाबतीत दर बिघाडाला घडतो. आणि सुरक्षेचा संदेश नेमका तेव्हाच पोचायला हवा असतो. म्हणून सरासरीवरून जागा ठरवू नका. एकाच कारणाने जास्तीत जास्त किती उपकरणं एकदम बोलतील हे यंत्रं बसवणाऱ्या अभियंत्यांना विचारा आणि तो आकडा धरा.

वाहतूक ठरावीक चक्राने येत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. यंत्राच्या हालचालीचं नियंत्रण बहुधा ठरलेल्या अंतराने संदेश पाठवतं. त्या क्षणाची जागा आधीच बांधून ठेवता येते, डाउनलिंकमध्ये सेमी-पर्सिस्टंट शेड्युलिंगने आणि अपलिंकमध्ये कॉन्फिगर्ड ग्रँटने. रिलीज १६ (थ्रीजीपीपीच्या मानकांची १६ वी आवृत्ती) पासून संदेश किती अंतराने आणि नेमका केव्हा येणार ही माहिती कोअर नेटवर्ककडून, म्हणजे बेस स्टेशनांमागच्या मध्यवर्ती नेटवर्ककडून, बेस स्टेशनला देण्याची सोयही आहे. ती वापरली तर राखीव जागा वाया जात नाही, कारण ती फक्त गरजेच्या क्षणीच राखलेली असते. पुष्कळ ठिकाणी ‘तातडीची’ म्हणून सांगितलेली निम्म्याहून जास्त वाहतूक मुळात चक्राकारच निघते. तुमच्या यादीतली चक्राकार वाहतूक आधी वेगळी काढा.

उरली ती अचानक येणारी वाहतूक. डाउनलिंकमध्ये ती मधे घुसवायची, म्हणजे चालू असलेल्या मोठ्या डेटाचे काही सिम्बॉल काढून त्या जागी तातडीचं पॅकेट ठेवायचं. यालाच पंक्चरिंग किंवा प्रीएम्प्शन म्हणतात. ५जीच्या रचनेत हे शक्य झालं ते मिनी-स्लॉटमुळे. उपवाहकांमधलं अंतर ३० किलोहर्ट्झ असेल तर १४ सिम्बॉलांचा एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा होतो. रिलीज १५ मध्ये डाउनलिंकसाठी २, ४ किंवा ७ सिम्बॉलांचे तुकडे वापरायची मुभा आहे. २ सिम्बॉलांचा तुकडा सुमारे ७१ मायक्रोसेकंदांचा असतो. स्लॉट संपायची वाट न पाहता पॅकेट निघतं.

यात ईएमबीबीचं नक्की काय बिघडतं हे आकड्यांत पाहणं फार उपयोगी आहे. ३० किलोहर्ट्झवर १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी १२ उपवाहकांचे २७३ रिसोर्स ब्लॉक बसतात, म्हणजे ३२७६ उपवाहक. एका उपकरणाला हा पूर्ण पट्टा चार थरांत (एकाच वेळी जाणाऱ्या चार समांतर प्रवाहांत), ६४-क्वाम (दर एलिमेंटला ६ बिट) वापरून आणि तीन-चतुर्थांश कोड-दराने (पाठवलेल्या बिटांतला खऱ्या माहितीचा वाटा) दिला आहे असं समजा. मग एका सिम्बॉलमध्ये सुमारे ७८ हजार कोड केलेले बिट जातात. मोठा डेटा जास्तीत जास्त ८४४८ बिटांच्या कोड ब्लॉकांत तोडला जातो, म्हणून एका सिम्बॉलमध्ये असे सातेक कोड ब्लॉक मावतात आणि डेटाच्या १२ सिम्बॉलांत ८४ च्या आसपास. आता त्यावर २ सिम्बॉल रुंदीचं, पूर्ण पट्टा व्यापणारं पंक्चर झालं तर साधारण १४ कोड ब्लॉक समूळ जातात. ५जीमध्ये बिटांची मांडणी आधी फ्रीक्वेन्सीच्या दिशेने आणि मग वेळेच्या दिशेने होते, त्यामुळे नुकसान सगळीकडे पसरत नाही, एका सलग पट्टीत साचतं. बाकीचे ७० कोड ब्लॉक निर्धोक राहतात.

पण जुन्या पद्धतीने एक कोड ब्लॉक चुकला तरी सगळे ८४ पुन्हा पाठवावे लागतात. यावरचा उपाय कोड ब्लॉक ग्रुपचा आहे. एका ट्रान्सपोर्ट ब्लॉकचे, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या अशा सगळ्या कोड ब्लॉकांचे, २, ४, ६ किंवा ८ गट करता येतात आणि उपकरण प्रत्येक गटाची पोच वेगळी देतं. ८ गट केले तर वरच्या उदाहरणात २ किंवा ३ गटच पुन्हा पाठवायचे राहतात. प्रीएम्प्शन चालू करून कोड ब्लॉक ग्रुप बंद ठेवलेली जुळणी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. तातडीचे संदेश उत्तम पोचत होते, आणि व्हिडिओ का अडखळतो हे कित्येक दिवस कुणाला कळत नव्हतं. त्या वेळी ‘पट्टा अपुरा आहे’ असा निष्कर्ष निघायच्या बेतात होता.

दुसरी गोष्ट सूचनेची. ज्या उपकरणाचा डेटा पंक्चर झाला त्याला ते कळत नाही. ते तातडीच्या पॅकेटचे बिट आपलेच समजून वाचतं. हे रिकाम्या जागेपेक्षा वाईट आहे, कारण चुकीची माहिती आत्मविश्वासाने स्मृतीत साठते आणि पुन्हा पाठवलेल्या प्रतीशी जोडताना तिलाही बिघडवते. म्हणून रिलीज १५ मध्ये प्रीएम्प्शनची सूचना ठेवली आहे. ती घटना घडून गेल्यावर येते आणि कोणत्या जागेवरचे बिट टाकून द्यायचे ते १४ बिटांच्या नकाशाने सांगते. हा नकाशा दोन प्रकारे वाचता येतो: वेळेचे १४ भाग आणि पट्टा अखंड, किंवा वेळेचे ७ भाग आणि पट्ट्याचे दोन अर्धे. तुमचं तातडीचं पॅकेट २ सिम्बॉल उंच आणि समजा ४२ ब्लॉक रुंद आहे, म्हणजे पट्ट्याच्या सुमारे १५ टक्के. पहिल्या प्रकारात उपकरण त्या दोन सिम्बॉलांमधले चांगले असलेले ८५ टक्के बिटही फेकून देतं. म्हणून मी दुसरा प्रकार निवडते आणि तातडीची पॅकेट शक्यतो पट्ट्याच्या एकाच अर्ध्यात ठेवते. सूचना वाचायची क्षमता प्रत्येक उपकरणात असेलच असं नाही. उपकरणं विकत घेण्याआधी त्यांच्या क्षमतांच्या यादीत ही ओळ शोधा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांत फारशी सापडत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ईएमबीबीसाठी बेस स्टेशन बहुधा पहिल्या प्रयत्नात १० टक्के चुका होतील असा कोड-दर निवडतं. आलेल्या पोचपावत्या पाहून तो दर सतत थोडा वर-खाली केला जातो. पंक्चरिंगमुळे नकार (डेटा वाचता आला नाही अशी पोच) आला की ही यंत्रणा समजते की चॅनेल बिघडलं, आणि दर उतरवते. चॅनेल तर चांगलंच असतं. एकेक पंक्चर दोन सिम्बॉलांचंच नुकसान करतं, पण उतरलेला दर पुढचे कितीतरी स्लॉट रेंगाळतो. त्यामुळे प्रत्यक्ष घेतलेल्या जागेच्या अनेक पट वेग जातो. उपाय सोपा आहे: ज्या ब्लॉकला आपणच भोक पाडलं त्याचा नकार या दुरुस्तीत धरायचा नाही. शेड्युलरला हे माहीतच असतं, फक्त ती माहिती योग्य जागी पोचवायची. तुमच्या पुरवठादाराला हा प्रश्न लेखी विचारा.

उपकरणांना आज्ञा पोचवणाऱ्या कंट्रोल चॅनेलबद्दलही सांगितलं पाहिजे. डेटा लाखात एक चुकीने पोचतो, पण तो कुठे आहे हे सांगणारी आज्ञा शंभरात एकदा चुकते, तर एकूण विश्वासार्हता शंभरात एकाचीच. म्हणून तातडीच्या उपकरणांना आज्ञा पाठवताना एकत्रीकरणाची (आज्ञा किती जागेत पसरवायची याची) १६ ही सर्वांत वरची पातळी वापरावी लागते. तिला एका सिम्बॉलमधले ९६ रिसोर्स ब्लॉक लागतात, पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. वर धरलेल्या ४२ ब्लॉक गुणिले २ सिम्बॉलांच्या डेटापेक्षा ही आज्ञाच मोठी झाली. लहान संदेशांच्या जगात ‘डेटाला किती जागा’ एवढाच हिशोब केला तर निम्म्याहून जास्त खर्च नजरेआड राहतो. अशा दोनच आज्ञा एका वेळी मावतात, तिसरी थांबते. चक्राकार वाहतुकीला आधी बांधलेली जागा देण्याचा आणखी एक मोठा फायदा इथेच आहे, तिला दरवेळी आज्ञा लागत नाही.

पंक्चर कुणाला करायचं? आनंद, डी व्हेसियाना आणि शक्कोटाई यांनी २०१८ मध्ये या प्रश्नाची फार स्वच्छ मांडणी केली. त्यांनी नुकसानाचे तीन नमुने घेतले. पहिल्यात जितकी जागा गेली तितकाच वेग जातो. दुसऱ्यात नुकसान आधी सावकाश आणि मग झपाट्याने वाढतं. तिसऱ्यात एका मर्यादेपर्यंत काहीच होत नाही आणि तिच्यापलीकडे सगळंच जातं. पहिल्या नमुन्यात ज्याच्याकडे जितकी जागा त्याच्यावर तितका भार टाकणं योग्य ठरतं. मग मोठ्या डेटाचं वाटप आणि तातडीच्या पॅकेटची जागा हे दोन्ही निर्णय जवळजवळ वेगळे करता येतात, आणि शेड्युलर लिहिणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. प्रत्यक्षात नमुना कोणता लागू होतो हे कोड-दरावर अवलंबून असतं. कोड ब्लॉक ग्रुप नीट चालत असतील तर वागणूक पहिल्या नमुन्याच्या जवळ जाते. ते नसतील तर तिसऱ्याच्या. बेस स्टेशनपासून लांब असलेल्या उपकरणाचा कोड-दर कमी असतो, म्हणून ते थोडं पंक्चर सोसू शकतं. पण त्याच्याकडे आधीच कमी वेग असतो आणि सतत त्याच्याच वाट्याला भोकं देणं मला पटत नाही. माझा नियम असा: मोठी जागा मिळालेल्या, जवळच्या उपकरणावर भार टाका आणि लगेच त्याचे मोडलेले गट पुन्हा पाठवा. तो परत पाठवायला लागणारा वेळ त्याला जाणवतही नाही. ज्या सिम्बॉलमध्ये त्या उपकरणाचे चॅनेल मोजायचे संदर्भ संकेत आहेत, त्याला मात्र हात लावू नका. तो गेला तर पूर्ण स्लॉट जातो.

अपलिंकची गोष्ट निराळी आहे. डाउनलिंकमध्ये पॅकेट बेस स्टेशनच्या हातात असतं. अपलिंकमध्ये ते उपकरणात असतं आणि बेस स्टेशनला ते मागाहून कळतं. उपकरणाने परवानगी मागायची, ती यायची, मग पाठवायचं, एवढ्यात मुदत संपते. म्हणून कॉन्फिगर्ड ग्रँट, म्हणजे आधीच दिलेली कायमची परवानगी. प्रत्येकाला वेगळी जागा दिली तर ती वाया जाते. सगळ्यांना एकच दिली तर टक्कर होते. टक्कर किती होते ते मोजून पाहा. दहा उपकरणं एकाच जागेवर आहेत आणि प्रत्येक जण हजारात एका संधीला बोलतो. एकाने बोलताना उरलेल्या नवांपैकी कुणीतरी बोलण्याची शक्यता सुमारे ०.९ टक्के येते. आपल्याला चालणाऱ्या चुकीच्या ती ९०० पट आहे. एवढ्या विरळ वाहतुकीतही. एकाच संदेशाच्या प्रती वेगवेगळ्या जागी पाठवून आणि अनेक अँटेनांनी दोघांना वेगळं ओळखून हे कमी करता येतं. पण ‘विरळ आहेत, म्हणून जागा सामायिक करू’ हा विचार हिशोब केल्याशिवाय मान्य करू नका.

मोठ्या डेटाची अपलिंक चालू असताना तातडीचं उपकरण बोललं तर काय, यासाठी रिलीज १६ ने दोन वाटा दिल्या. पहिल्या वाटेत बेस स्टेशन मोठा डेटा पाठवणाऱ्याला थांबण्याची सूचना देतं. दुसऱ्या वाटेत तातडीचं उपकरण ताकद वाढवून त्याच्यावरून बोलतं. पहिलीत भरवसा दुसऱ्या उपकरणावर ठेवावा लागतो. त्याने सूचना ऐकलीच नाही किंवा ते ती समजून घेण्याइतकं नवं नसलं, तर टक्कर ठरलेली. दुसरीत कुणावर अवलंबून राहावं लागत नाही, पण लांबच्या उपकरणाकडे वाढवायला ताकद शिल्लक नसते. कारखान्यात अंतरं लहान असतात, म्हणून मी तिथे दुसरी वाट धरते आणि कडेच्या मोजक्या उपकरणांना स्वतःची जागा देते.

या दुसऱ्या वाटेमागचा विचार पोपोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या लेखात छान उलगडला आहे. दोन्ही संदेश एकमेकांवर चढले तर कोणता आधी वाचायचा? तातडीचा संदेश थांबू शकत नाही, म्हणून तो आधी. आणि तो जवळजवळ नेहमीच बरोबर वाचला जातो, कारण त्याची घडणच तशी आहे. मग तो वजा करून खालचा मोठा डेटा वाचता येतो. तातडीच्या सेवेच्या कडक अटीचा फायदा असा शेजाऱ्यालाही मिळतो. ही कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. मात्र आधी वाचताना मोठा डेटा गोंगाटासारखा आड येतो, म्हणून अँटेना पुरेशा नसतील तर ती धोक्याची ठरते.

वरचं सगळं नीट बसवलं तरी एका गोष्टीवर १ मिलिसेकंदाचं स्वप्न मोडू शकतं, ती म्हणजे डाउनलिंक आणि अपलिंकने एकाच पट्ट्यात पाळीपाळीने बोलण्याचा नमुना. तीन स्लॉट डाउनलिंक, एक मिश्र आणि एक अपलिंक हा फार प्रचलित नमुना आहे. ३० किलोहर्ट्झवर त्याचं चक्र २.५ मिलिसेकंदांचं होतं. अपलिंकचा स्लॉट नुकताच चुकला तर पुढच्यासाठी सुमारे २ मिलिसेकंद थांबावं लागतं. कोणताही शेड्युलर हे बदलू शकत नाही. डाउनलिंकच्या पोचपावतीलाही तीच वाट पाहावी लागते, म्हणून पुन्हा पाठवण्याची संधी मिळत नाही आणि पहिल्याच प्रयत्नात चुका लाखात एकाच्या आत ठेवाव्या लागतात. नमुना बदलायचा म्हटला तर त्याच फ्रीक्वेन्सीच्या आसपास असलेल्या शेजारच्या नेटवर्कशी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर त्यांचं डाउनलिंक तुमच्या अपलिंकवर आदळतं. हा प्रश्न सर्वांत आधी सोडवा. आणि सर्व्हर कुठे आहे तेही पाहा. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यातच १ मिलिसेकंद जातो.

स्लायसिंगचं काम धोरणाचं आहे. कुणाला किमान किती वाटा, कमाल किती आणि दुसऱ्या कुणालाही न देता किती, असे तीन आकडे बेस स्टेशनला देता येतात. स्लायसिंग सेकंद-मिनिटांच्या मापाने विचार करतं. ७१ मायक्रोसेकंदांत काय करायचं हे शेड्युलरच ठरवतो. तातडीच्या सेवेला ‘किमान’ वाटा द्या, म्हणजे ती गप्प असताना तीच जागा व्हिडिओला वापरता येते. तिसऱ्या आकड्याने दिलेली जागा मात्र रिकामी असली तरी कुणालाच मिळत नाही. तो शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ ठेवा. कमाल वाटाही जरूर घाला. एखादं बिघडलेलं उपकरण तातडीच्या वर्गात बडबडू लागलं तर मधे घुसण्याचा अधिकार सगळा व्हिडिओ गिळून टाकतो.

तुमच्या जागी मी असते तर पुढचा क्रम धरला असता. चक्राकार वाहतूक वेगळी काढून तिला बांधलेली जागा दिली असती. अचानक येणाऱ्या डाउनलिंकला प्रीएम्प्शन, पण कोड ब्लॉक ग्रुप, सूचना आणि दर-दुरुस्तीतली वगळ या तिन्ही गोष्टींसह. अपलिंकला छोटी राखीव पट्टी आणि वर ताकदीची वाढ. बेस स्टेशनला चार किंवा जास्त अँटेना. आणि १ मिलिसेकंदाची अट खरोखर कुठल्या संदेशाला आहे हे पुन्हा एकदा विचारलं असतं. पुष्कळदा उत्तर १० मिलिसेकंद येतं, मग दोन प्रयत्नांना वेळ मिळतो आणि जवळजवळ सगळंच सोपं होतं.

चाचणी कशी घ्यायची तेही ठरवून ठेवा. लाखात एकापेक्षा कमी चुका होतात हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल, तर सुमारे ३ लाख पॅकेट एकही न चुकता जावी लागतात. दर १० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवलं तर ५० मिनिटं. चाचणीच्या वेळी व्हिडिओची वाहतूक पूर्ण भाराने चालू ठेवा आणि यंत्रं, क्रेन, माणसं नेहमीसारखी हलू द्या. रिकाम्या शेडमध्ये घेतलेल्या ५० मिनिटांना काही अर्थ नसतो. एखादं पॅकेट उशिरा आलं तर त्या वेळची कंट्रोल चॅनेलची नोंद आधी उघडा, डेटाची नंतर. मला स्वतःला बहुतेक वेळा दोष तिथेच सापडला आहे.